चौदाव्या सूचनेबाबत खुलासा

तीर्थस्वरूप दाजींना,

दोन्ही हात जोडून आणि मान जरा जास्तच खाली घालून नमस्कार. (मान इतकी खाली का, ते दुसऱ्या पानापर्यंत कळेल. तोवर पत्र हातातून ठेवू नका आणि पाण्याचा पेला जवळ असू द्या.) गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करता, की नुसते ‘केले’ म्हणून ताईला सांगता? ताईची तब्येत विचारत नाही, कारण तिच्याशी माझं रोज फोनवर बोलणं होतं. तुमच्याशी बोलायचं मी टाळतोय हे तुमच्या लक्षात आलंच असेल. चार वेळा तुमचा फोन आला आणि चारही वेळा मी आंघोळीला गेलो असल्याचं आमच्या हिने सांगितलं. इतका स्वच्छ माणूस मी नाही हे तुम्ही जाणता.

आधी एकच सांगतो, म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल: गाडी धड आहे. चाकं, काचा, पलंग, ओटा, बेसिन, सगळं जागच्या जागी आहे. हीटर चालतो. नुसता चालत नाही, तर ज्या बाईंनी तो उघडला (त्यांच्याबद्दल पुढे) त्या म्हणाल्या की कारखान्यातून आला तेव्हाही हा आतून इतका साफ नसेल. मी खिडकीशी पाय पसरून बसलोय, आठ दिवसांत पहिल्यांदा मानेवरचं ओझं उतरलंय, आणि इतक्या हलक्या मनाने माणसाने कबुलीजबाब लिहू नये असं ही मला दोनदा सांगून गेली. पण तुम्ही गाडीच्या किल्लीबरोबर जो बावीस सूचनांचा कागद दिलात, प्लॅस्टिकमध्ये घालून, त्यातली शेवटची सूचना अशी आहे की काही घडल्यास लेखी कळवावे, तोंडी नको. तेव्हा लेखी कळवतो. काही घडलं.

दाजी, ही घरगाडी तुम्ही निवृत्त झाल्यावर जुनी घेतलीत आणि सहा वर्षं तिला पोटच्या पोरीसारखं सांभाळलंत, हे मी काही विसरलेलो नाही. सख्ख्या भावाला तुम्ही ती चालवायला दिली नाहीत. घरी पाहुणा आला की त्याला चहाच्या आधी गाडीत नेता, दार लावता आणि सांगता, आता एक दीर्घ श्वास घ्या. पाहुणा घेतो. मग तुम्ही म्हणता, आला वास? हा जुन्या लाकडाचा वास, असं लाकूड आता जन्मात मिळायचं नाही. मी स्वतः हा श्वास कमीत कमी अकरा वेळा घेतला आहे. अशी गाडी तुम्ही मला आठ दिवसांसाठी दिलीत ती माझ्याकडे बघून नव्हे, आईकडे बघून, हेही मला कळतं.

आईचं आणि मावशीचं तुम्हाला ठाऊक आहेच, तरी लेखी म्हटल्यावर सगळंच लिहावं लागतं. ह्या दोघी सख्ख्या बहिणी अकरा वर्षं एकमेकींशी बोललेल्या नाहीत, आणि कारण काय, तर केसांचं तेल. आई दर वर्षी खोबरेल तेल घेऊन त्यात मेथी आणि आणखी सहा जिन्नस घालून मंद आचेवर दोन दिवस उकळते. ही कृती आजीची. अकरा वर्षांपूर्वी कुणाकडे तरी जेवायला सगळे जमले असताना मावशीने ते हातावर घेतलं, हुंगलं आणि आठ माणसांसमोर म्हणाली, ‘आईच्या तेलाला असा वास नव्हता.’ त्यावर आपल्या मातोश्री म्हणाल्या की तुला काय माहीत आईचं तेल, तू धाकटी, तुझ्या वाट्याला बाटलीचा तळ यायचा. झालं. त्यानंतर दोघींनी एकमेकींची खबर घेतली ती माझ्यामार्फत, आणि तीही ‘तिला म्हणावं’ अशा भाषेत. आणि आता मावशी घर मोडून मुलाकडे, साता समुद्रापार, कायमची निघाली. शुक्रवारचं विमान. आईला हे कळलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मोठं पातेलं खाली काढलं. दोन दिवस घर घमघमत होतं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, मला तिच्याकडे ने. हे देते, ती हुंगेल, आणि मग जाऊ दे तिला कुठं जायचं तिथं.

ही माफी होती की शेवटचा वार, ते मला अजून कळलेलं नाही. पण अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई स्वतःहून जाते म्हणते, तर न्यायला हवं. आगगाडीत तिला बसवत नाही, मोटारीत पाय आखडतात, म्हणून तुमची घरगाडी. शनिवारी निघालो. आई, ही, मी आणि दोन लिटर तेल.

तेल काचेच्या बरणीत होतं आणि बरणीच्या तोंडाला झाकण नव्हतं, फडकं बांधलेलं होतं. (आईच्या मते तेलाला श्वास लागतो. मी पाणीपुरवठा खात्यात एकतीस वर्षं काढली, झाकण नसलेल्या गोष्टींचं काय होतं ते मी जाणतो. पण आईसमोर आपली नोकरी कुठे चालते?) दुसऱ्या दिवशी चढ लागला, थंडी वाढली आणि तेल गोठलं. पांढरं, टणक, मेणासारखं. आई म्हणाली, गोठलेल्या तेलाला वास येत नाही, असं नेऊन काय उपयोग, ती हुंगणार काय, कपाळ? आणि मग सोमवारी सकाळी ती बरणी ड्रायव्हरच्या सीटमागे जमिनीत जी गरम हवेची जाळी आहे, तिच्यावर आली. कशी आली ह्याला आता फार महत्त्व नाही. चौदावी सूचना मला माहीत होती. (‘हवेच्या जाळ्यांवर कोणतीही वस्तू ठेवू नये’, खाली दोन रेघा.) एवढं मात्र प्रामाणिकपणे सांगतो की बरणी तिथे अशी चपखल बसली, जशी काही जाळी तिच्यासाठीच केली होती. जाळीच्या रंगावर एक पुसट गोल खूणसुद्धा होती, नेमकी त्याच मापाची.

तासाभरात तेल पातळ झालं. आई खूश, ही खूश, मी खूश. घाटात सहावं वळण आलं, समोरून दूधवाल्याचा टेम्पो आला, मी ब्रेक दाबला आणि मागे एक आवाज झाला. फुटल्याचा नाही, सांडल्याचा. बरणी शाबूत होती. ती आडवी पडून जाळीच्या फटींमधून आपलं सगळं तेल शांतपणे गाडीच्या पोटात ओतत होती, आणि आई मागच्या सीटवरून एकाच शब्दात मला हाक मारत होती, जी हाक मी चौथीत असताना शाई सांडली तेव्हा ऐकली होती. मी गाडी कडेला घेऊन मागे पोहोचेपर्यंत बरणीत शेवटचं चमचाभर राहिलं होतं, आणि उचलायच्या घाईत माझ्या हातून तेही जाळीत गेलं.

पहिली दहा मिनिटं, खरं सांगू का, फार छान वास आला. हीटर चालू होता, चारही जाळ्यांमधून आईचं तेल गरम होऊन येत होतं. मग तो वास तळणीवर गेला. मग डोळे चुरचुरायला लागले. हीटर बंद केला तर पंधरा मिनिटांत गाडीत दात वाजायला लागले, कारण बाहेर बर्फ नव्हतं एवढंच. आई शाल लपेटून बसली आणि म्हणाली, गाडी परत फिरव. मी म्हटलं, आई, अजून गुरुवारपर्यंत वेळ आहे. तर म्हणाली, मोकळ्या हाताने जाऊन तिला काय सांगू, सांडलं? अकरा वर्षांनी जायचं आणि सांगायचं सांडलं? दाजी, तिचा आवाज चढला असता तर बरं वाटलं असतं. ती हळू बोलली. मी पुढे बघून गाडी चालवत राहिलो आणि खिंडीच्या अलीकडे जे पहिलं गाव लागलं तिथल्या गॅरेजच्या मागच्या मोकळ्या जागेत गाडी लावली. परत फिरायचं तर एक वळण, पुढे जायचं तर हीटर पाहिजे. सगळं त्या हीटरवर येऊन थांबलं.

आता ह्यापुढचा भाग वाचताना कृपा करून माझी एकतीस वर्षांची नोकरी लक्षात ठेवा. आमच्या खात्यात एकच धर्म: जे सांडतं ते उताराला जातं. तुम्ही उतार द्या, बाकीचं ते स्वतः बघतं. मी हिशेब केला की तेल पुढच्या जाळीतून आत गेलंय, जमिनीखालच्या नळीत मध्येच कुठेतरी गोठून बसलंय, तेव्हा गाडीचं तोंड उचलायचं, हीटर जरासा लावून तेल पातळ करायचं, म्हणजे ते आपोआप मागे वाहत जाऊन पलंगाखालच्या शेवटच्या जाळीशी गोळा होईल आणि मी ते वाटीवाटीने काढीन. मंगळवारी सकाळी गॅरेजवाल्याकडून लाकडी ठोकळे आणले आणि पुढची चाकं वीतभर वर चढवली. पाणसळ लावून उतार मोजला. उतार इतका सुरेख होता की आमच्या साहेबांनी बघितला असता तर सही केली असती.

पण त्या उतारावर आम्हाला राहायचंही होतं, हे नकाशात धरलं नव्हतं. हिने चहा ओतला तर तो कपाच्या एकाच बाजूला. टेबलावर ठेवलेलं अंडं आपल्या पायांनी गेल्यासारखं मागच्या दाराकडे गेलं. आई पलंगावर डोकं वर करून झोपायची सवय असलेली, तिचं डोकं खाली आणि पाय वर झाले, आणि त्या अवस्थेत, छताकडे बघत, ती मला म्हणाली की तुझ्या वडिलांनी तुला त्या खात्यात चिकटवला तेव्हाच मी नको म्हणत होते. मी दुर्लक्ष केलं आणि हीटर लावला. पाच मिनिटांत खालून गुळगुळ आवाज आला. तेल निघालं होतं. मी हिच्याकडे विजयी मुद्रेने बघितलं. दहाव्या मिनिटाला पलंगाखालून जे आलं त्याला धूर म्हणता येणार नाही, पण धुराचं ते जवळचं नातेवाईक होतं.

हीटर बंद केला, आईला बाहेर आणून गॅरेजवाल्याच्या बाकावर बसवलं, आणि मग हिने तुमचा प्लॅस्टिकचा कागद आणून माझ्यासमोर धरला, बोट नवव्या सूचनेवर. ‘हीटर मागच्या पलंगाखाली आहे. तेथे सामान कोंबू नये.’ (मी आठवीपर्यंत वाचलं होतं, दाजी. शपथेवर सांगतो, तेवढ्यात चहा आला. चौदावी मला माहीत होती ती दोन रेघांमुळे.) म्हणजे एकतीस वर्षांचा अनुभव पणाला लावून मी दोन लिटर तेल नेमकं आगीच्या दिशेने पाठवत होतो. आ बैल मुझे मार हे हिंदीत म्हणतात, ही मराठीत म्हणाली आणि सविस्तर म्हणाली.

गॅरेजवाला म्हणाला, मी इंजिनचा माणूस, हीटरला हात लावत नाही, पण पलीकडच्या गल्लीत एक बाई आहेत. ही जाऊन त्यांना घेऊन आली. पन्नाशीच्या, चष्मा दोरीने गळ्यात, हाताला थंडीने भेगा पडलेल्या, आणि बोलणं असं मोजकं की आमच्या घराण्यातल्या माणसाला ते आजारपण वाटावं. बाई पलंगाखाली आडव्या झाल्या, टॉर्च मारला, बराच वेळ बघत राहिल्या. मग बाहेर येऊन दोन बोटं दाखवली. मला वाटलं दोन दिवस लागतील म्हणतात. तर म्हणाल्या, तेल हीटरच्या तोंडापासून एवढ्यावर थांबलंय. मग माझे ठोकळे बघितले, पाणसळ बघितली आणि विचारलं, हे कुणी केलं? मी पाणसळ पाठीमागे धरली. आईने माझं नाव सांगितलं नाही, हे मी तिचे उपकार समजतो.

मी म्हटलं, आता गरम पाणी सोडून धुऊन काढायचं ना? बाई म्हणाल्या, गरम कराल तितकं ते पुढे पळेल. आणि इथे बाकावरून आई बोलली. गेल्या दिवसाभरात तिने माझ्या नोकरीव्यतिरिक्त कशावरच मत दिलं नव्हतं. ती म्हणाली, मग गरम करताच कशाला? गोठू द्या. गोठलं की सुटं होतं, बरणीत हलवलं तर कडा सोडतं. हिवाळ्यात मी बरणी उपडी करून ठोकते, आख्खा गोळा पडतो. बाईंनी चष्मा काढून आईकडे बघितलं आणि पहिल्यांदा हसल्या. दाजी, पंधरा मिनिटांत त्या दोघींनी माझ्याकडे पाठ करून सगळं ठरवलं. ठोकळे काढले. जमिनीखालच्या नळ्या मऊ आहेत, घडीघडीच्या, वीतभर रुंदीच्याही नाहीत. बाईंनी त्यांचे पट्टे सैल केले आणि चारही नळ्या, तोंडाला फडकी कोंबून, बाहेर काढल्या. बाहेर म्हणजे मोकळ्यावर, थंडीत, भिंतीला टेकवून उभ्या. आम्ही ती रात्र लॉजवर काढली आणि नळ्यांनी बाहेर.

बुधवारी सकाळी ते बघायला तुम्ही हवे होतात. बाईंनी पहिली नळी उचलली, गुडघ्यावर धरून धनुष्यासारखी वाकवली, आतून कडकड आवाज आला आणि मग नळी उपडी करून एकदा आपटली. खाली पसरलेल्या कागदावर पांढऱ्या तेलाचे तुकडे पडले. घडीघडीचे ठसे उमटलेले, साबणाच्या वड्यांसारखे. आई तीन स्वेटर घालून खुर्चीवर बसली होती, ती उठली. एक तुकडा उचलला, उजेडात धरला आणि हिला म्हणाली, बघ कसं गोठलंय, शुभ्र, कुठे गाळ नाही. आईने दोन दिवसांत पहिल्यांदा स्वतःची स्तुती केली, आणि मला इतकं बरं वाटलं की मी बाजूला जाऊन नाक शिंकरून आलो. पुढच्या जाळीच्या नळीतून मात्र पांढऱ्याच्या खाली एक पातळ पिवळट थर निघाला. बाई म्हणाल्या, हे आत्ताचं नाही, हे जुनं आहे, तेल तेच पण थेंबथेंब साचलेलं, चार-सहा वर्षांचं. मी म्हटलं, असेल, आणि त्यांना चहा विचारला.

उरलेलं काम हमालीचं होतं. धुण्याचा सोडा, कोमट पाणी, काठीला बांधलेला ब्रश आणि जुनी फडकी. ही घासत होती, मी पाणी आणत होतो, बाई हीटरच्या तोंडाशी दोन बोटांचं ते अंतर चमच्याने खरवडून साफ करत होत्या आणि आई सांगत होती की अजून ओशट लागतंय. दुपारी नळ्या पुसून, वाळवून परत बसवल्या. बाईंनी हीटर लावला आणि आम्ही चौघं गाडीत ओळीने बसलो, निकालाची वाट बघत बसावं तसे. पाच मिनिटं. दहा. गरम हवा आली, कोरडी, धूर नाही, गुळगुळ नाही. फक्त एक हलका वास होता. बाई म्हणाल्या, जमिनीत एक आखूड तुकडा पक्का बसवलेला आहे, तो निघत नाही, तिथे बोटभर तेल चिकटून राहणार. धोका काही नाही, पण वास पाच वर्षं जात नाही. मी म्हटलं, पाच वर्षं राहू दे, पन्नास राहू दे, हात-पाय गरम झाले. मला आयुष्यात इतकं सुटल्यासारखं फक्त दोनदा वाटलंय, एकदा ताईच्या लग्नाला तुम्ही हो म्हणालात तेव्हा आणि एकदा आता.

पण आई पुढे निघायला तयार होईना. ती म्हणाली, हीटर झाला, छान झालं, आता घरी चला. तुकडे निघाले, पण त्यांना नळीतला केसकचरा लागलेला, ते काय कुणाला द्यायचे? बाई अवजारं पुसत होत्या. त्यांनी एक तुकडा भेगाळलेल्या हातांना चोळायला उचलला होता, तो चोळता चोळताच त्या आईला म्हणाल्या, सांडलं तर सांडलं सांगा. बहीण आहे ना? मग तिला काय नवीन आहे. एवढंच. मी दोन दिवस जे समजावत होतो ते ह्या बाईंनी पिशवी उचलता उचलता सांगून टाकलं. आईने त्यांच्या हातांकडे बघितलं. मग मला म्हणाली, रात्री खिंड किती वाजता बंद होते?

गुरुवारी अकरा वाजता मावशीच्या दारात गाडी लागली. दारात खोकी, दोरीने बांधलेली, अंगणात एक कपाट पाठ करून उभं. मावशी बाहेर आली, मला म्हणाली, ‘आलात,’ आणि पायरीवर उभी राहिली. आई गाडीत बसून राहिली. मी मावशीला म्हटलं, आई आलीये. ती म्हणाली, दिसतंय. मी गाडीत जाऊन आईला म्हटलं, उतर. ती म्हणाली, तिला यायला काय होतंय? मावशी म्हणाली, पाहुणा घरात येतो, घर पाहुण्यात जात नाही. अकरा वर्षं आणि पाच दिवसांचा प्रवास करून आम्ही शेवटच्या दहा पावलांवर अडकलो होतो. ही माझ्याकडे बघत होती, जणू काही मी आता उतार मोजणार आहे. आईचे हात गार पडले होते, म्हणून मी नुसता हीटर लावला. आणि दार उघडंच होतं.

मावशी पायरीवर उभी होती ती बोलता बोलता थांबली. मग एक पायरी उतरली. मग गाडीच्या दाराशी आली, दांडीला धरून आत डोकावली, कुणाकडेच न बघता. आणि म्हणाली, ‘मेथी जास्त झाली.’ आई खिडकीबाहेर बघत होती. मावशीने दुसरा पाय आत टाकला, आईच्या समोरच्या सीटवर बसली आणि जाळीवर हात धरला, शेकायला धरतात तसा. मग हात उलटा करून म्हणाली, ‘आईचीपण जास्तच व्हायची.’ दाजी, ह्यावर आपल्या मातोश्रींनी काय म्हणावं? त्या म्हणाल्या, ‘सगळं सांडलं गं.’ आणि रडल्या. आणि मग दुसरीही. मी आणि ही खाली उतरलो, खोक्यांवर बसलो. आतून तासाभराने भांडणाचा आवाज आला, मेथी भिजवून घालायची की कोरडी, तेव्हा ही म्हणाली, आता काळजी नाही.

तर अशी हकीकत. गाडीचं काही गेलं नाही, आईचं तेल गेलं, आणि गेलेलं कामाला आलं. लेखी कळवलं. तुम्ही रागवाल हे गृहीत धरून मी आधीच दोन वेळा मनातल्या मनात तुमची बोलणी खाल्ली आहेत, त्यातली वजा करून उरलेली द्या. ताईला नमस्कार, गुडघ्याला आराम.

आपला आज्ञाधारक (बाविसांपैकी वीस सूचनांपुरता),
मेहुणा

ता. क. जाळीवरचा रंग एका जागी खरवडला गेलाय, नखाएवढा. तुम्ही बघाल म्हणून आधीच सांगितलं.

ता. क. दुसरा. मूळ सांगायचं राहिलंच. मावशीने शुक्रवारचं विमान महिनाभर पुढे ढकललं. दोघींना आपलं जन्मगाव, मग आजीचं माहेर, मग जिथे जिथे कोणी ओळखीचं जिवंत आहे ते सगळं बघायचं आहे, आणि दोघी तुमच्या गाडीतून उतरायला तयार नाहीत. झोपतातही तिथेच, पुढच्या जाळीशी डोकं करून. मावशीच्या रिकाम्या घरात मी आणि ही खोक्यांमध्ये राहतोय. तेव्हा आठ दिवसांची बोली होती ती महिन्याची करावी, ही नम्र विनंती. सूचना मी आता बाविसावीपर्यंत वाचल्या आहेत.

ता. क. तिसरा, आणि हे पत्र ताईच्या हाती पडण्याआधी वाचलंत तर बरं. ती बरणी जाळीवर कशी आली ते मी वर लिहायचं टाळलं. रविवारी तेल गोठलं तेव्हा मी ताईला फोन केला. ती म्हणाली, ड्रायव्हरच्या मागच्या जाळीवर ठेव, तासात पातळ होतं, मी दर हिवाळ्यात माझी बरणी तिथेच ठेवते. हे रोज सकाळी वीस मिनिटं टायरची हवा बघतात ना, तेवढ्यात. कधी थोडं सांडतं, पण ह्यांना कळत नाही. आईचंच तेल, दाजी, सहा वर्षं, थेंबथेंब. आता पाहुण्यांना दार लावून जुन्या लाकडाबद्दल काय सांगायचं ते तुम्ही दोघांनी मिळून ठरवा, मी कुणाला काही बोललेलो नाही. महिन्याचं तेवढं कळवा.